हाक मारायची नाही

ता. ९, सोमवार

आज बोट पाहिली. पाहिली म्हणजे आपली झालेलीच पाहिली. व्यवहार मुलाने मागल्या खेपेलाच उरकला होता, मी आपला सोबतीला आणि काळजी करायला आलो आहे. ही वही सूनबाईने दिली. म्हणाली, बाबा, काळजी तोंडाने करू नका, ह्यांचं डोकं फिरतं, वहीत करा. म्हणून लिहितो. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये.

बोट मात्र छान आहे. जुनी आहे, पण म्हातारी नाही. सागवानी बांधा, रंग उडालेला, लाकूड ठणठणीत. मी सगळीकडे टिचक्या मारून पाहिल्या. वर चाकाची काचबंद खोली, तिच्या जमिनीत झडप, झडपेखाली शिडी, आणि खाली झोपायची खोली. तिच्यात झोपायला चार फळ्या आहेत, दोन इकडे दोन तिकडे. आम्ही माणसं तीन. मी, मुलगा, आणि इंजिनासाठी बरोबर घेतलेला मिस्त्री. चौथ्या फळीवर सामान ठेवू म्हटलं. झोपायच्या खोलीच्या मागे एक बुटकं दार, त्याच्या पलीकडे इंजिन.

मिस्त्री तोंडाचा फाटका आहे पण हाताचा सोन्याचा. मुलाच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी दोरखंडात सापडून गेली, ते त्याने पहिल्याच दिवशी हेरलं. बोट बघून म्हणाला, "नऊ बोटं होतीच साहेबांना, ही दहावी घेतली." मुलगा खूप दिवसांनी मोकळा हसला. त्याला असं हसताना पाहून मला बरं वाटलं. दुसऱ्याच्या बोटीवर राबून त्याची पाठ वाकायला लागली होती.

सूनबाईला नववा महिना चालू आहे. निघताना तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, बोट नाही आली तरी चालेल, माणूस आणा. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं.

ता. १०, मंगळवार

दिवसभर साफसफाई. मला घाण बघवत नाही, हा माझा जुना रोग.

बोट विकणारी बाई सकाळी चाव्या घेऊन आली. पन्नाशीची असेल, बोलणं मोजकं. ही बोट तिचा नवरा आणि दीर चालवत. दोघेही आता नाहीत. कशाने गेले ते मी विचारलं, तर ती म्हणाली, बोटीवर. मग तिने एक दोरी दाखवली. चाकाजवळच्या खुंटीला बांधलेली, जमिनीतल्या भोकातून खाली गेलेली, खाली तिला चार फाटे, आणि प्रत्येक फळीच्या पायथ्याशी एक फास. झोपणाऱ्याने तो अंगठ्यात अडकवायचा. पाळी बदलायची झाली की वरच्याने दोरी ओढायची, नाहीतर खाली उतरून झोपलेल्याच्या पायाला हात लावून उठवायचं. ती म्हणाली, "वरून खाली हाक मारायची नाही. बाकी बोट चांगली आहे."

मला हसू आलं. मी जन्मभर फेरीबोटीच्या धक्क्यावर हाका मारायचं काम केलं. बोट लागली की उतारूंना वर बोलवायचं, "या, या, वर या." माझ्या घरात भातसुद्धा हाकेशिवाय वाढला जात नाही. सूनबाई नवी आली तेव्हा तिचा आवाज उंबऱ्याबाहेर जात नव्हता. तोंडाशी दोन्ही हात कसे धरायचे, पोटातून आवाज कसा काढायचा, ते मी तिला शिकवलं. आता ती नवऱ्याला धक्क्यावरून "अहो, या वर!" म्हणते ते पलीकडच्या काठाला ऐकू जातं. अशा माणसाला ही बाई हाक मारू नका म्हणते.

दुपारी पाण्याची पिंपं बांधायला दोरी कमी पडली. ती फाट्यांची दोरी नुसती लोंबत होती, पायात येत होती. मी ती काढली, कापली, आणि पिंपं घट्ट बांधली. काम छान झालं.

संध्याकाळी बाई पुन्हा धक्क्यावर आली. मी रीतीप्रमाणे "येतो" म्हटलं. यावर कोणीही माणूस "या" म्हणतो. ती म्हणाली, येऊ नका. मग म्हणाली, दोरी तेवढी जपा. मी मान डोलावली. कापली म्हणून सांगायला तोंड उघडेना.

ता. ११, बुधवार

पहाटे निघालो. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा. मुलगा चाकावर असा उभा होता की मला त्याची आई आठवली. ती असती तर तिने दृष्ट काढली असती.

कामाची वाटणी अशी. रात्री मुलगा आणि मिस्त्री दोघेही वरच राहतात, एक चाकावर, दुसरा तिथेच त्याच्या पायाशी आडवा. मला अंधारात दिसत नाही, म्हणून माझी पाळी दिवसा. मी चाकावर असलो की ते दोघे खाली पाठ टेकतात. होकायंत्राचा काटा मुलाने लाल खुणेवर धरून दिला आहे, तो तिथून हलू द्यायचा नाही एवढंच माझं काम. तरी काटा माझ्या हातून सारखा इकडे तिकडे होतो आणि माझा जीव खालीवर होतो.

दुपारी माझी पाळी संपली. मी झडप उचलली आणि धक्क्यावरची हाक दिली, "ये रे वर!" खालून लगेच "आलो" आलं. मागोमाग मुलगा वर आला. मिस्त्री इंजिनाकडून ओरडला की काका, हळू, मासे वर यायला लागले.

एक बारीकशी गोष्ट लिहून ठेवतो. मुलाच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता. मी म्हटलं, ब्रश तोंडात धरून एवढं स्पष्ट आलो कसं म्हणालास? तो म्हणाला, मी कुठे काय म्हणालो? मिस्त्री म्हणाला असेल. असेल.

ता. १२, गुरुवार

सकाळपासून धुकं. असं धुकं मी पाहिलेलं नाही. बोटीचं नाक दिसत नाही. भिजलेल्या कापसात घालून ठेवल्यासारखं वाटतं.

माझी पाळी संपत आली तशी मी हाक दिली. "आलो" आलं. शिडी वाजली, झडप उघडली, मिस्त्री वर आला. डोक्यावरून रेनकोट ओढलेला, पाणी निथळत होतं. मी म्हटलं, आत झोपून एवढा भिजलास कसा रे? तो बोलला नाही. मला बाजूला सारून त्याने चाक धरलं. नेहमी तोंडाचा पट्टा चालू असणारा माणूस गप्प, म्हणून मी समजलो की झोपमोडीचा राग असेल. मी खाली गेलो.

खाली मिस्त्री त्याच्या फळीवर तोंड उघडं टाकून घोरत होता. समोरच्या फळीवर मुलगा, पांघरुणातून त्याचा डावा, चार बोटांचा पाय बाहेर आलेला.

मी किती वेळ शिडीला धरून उभा राहिलो ते सांगता येत नाही. मग वर गेलो. वर कोणी नव्हतं. चाकापुढे जमिनीवर दोन पावलांएवढं पाणी होतं. मी बोट लावून जिभेला लावलं. खारट.

आणि काटा लाल खुणेवर होता. केसभरही सरकलेला नव्हता. माझ्या हातात तो असा कधीच राहत नाही. ज्याने चाक धरलं होतं त्याला आमच्या घराकडची वाट चांगली ठाऊक होती.

दोघांना उठवून सांगितलं. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हाला झोप नाही, डोळ्यांवर ताण आला आहे. मिस्त्री म्हणाला, काका, भूत एवढं कामाचं असेल तर त्याला रात्रपाळी द्या, आम्ही झोपतो. दोघे हसले. मीही हसलो. दोरीचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलं नाही.

ता. १३, शुक्रवार

मिस्त्री गेला.

क्रमाने लिहितो. सकाळी मुलगा मागच्या बाजूला डिझेलची नळी बघत होता. मिस्त्री चाकावर. मी खाली पडलो होतो. पाळी माझी होती. मिस्त्रीने वरून हाक मारली, काका नाही म्हणाला, माझीच नक्कल करत म्हणाला, "ये रे वर!" मी उठून चपला शोधायला वाकलो. तेवढ्यात माझ्या कानाशी, अगदी शेजारी, कोणीतरी "आलो" म्हणालं आणि माझ्या पुढून शिडी चढून गेलं. मी वाकलेलोच होतो, म्हणून मला फक्त टाचा दिसल्या. पांढऱ्याफटक, सुरकुतलेल्या, दिवसचे दिवस पाण्यात राहिल्यासारख्या.

शिडी ओली होती, चढताना मी दोनदा घसरलो. वर मिस्त्री नव्हता. चाकाशेजारी त्याचा चहाचा पेला होता, त्यातून वाफ निघत होती. काटा लाल खुणेवर.

मुलाने बोट वळवली. आम्ही धुक्यात गोल गोल फिरलो. पाण्यावर एक चप्पल नाही, टोपी नाही. मी कठड्याला धरून त्याच्या नावाने ओरडलो. चाळीस वर्षं ज्या आवाजावर पोट भरलं तो सगळा आवाज लावला. घसा फाटला तेव्हा थांबलो.

तेव्हा उत्तर आलं. समुद्रातून नाही. झडपेखालून.

"आलो काका."

मुलानेही ऐकलं. आता तो मला झोप घ्या म्हणत नाही.

ता. १४, शनिवार

मुलाला दोरीचं सांगितलं. त्याने रागवावं म्हणून वाट पाहिली. तो पिंपांच्या दोरीकडे बघत राहिला, मग खाली बसून तिच्या गाठी सोडायला लागला. त्यापेक्षा त्याने मला पाण्यात ढकललं असतं तर बरं झालं असतं.

दोरीचे मी तुकडे केले होते. ते जोडले, पण गाठ भोकातून जाईना. भोक मोठं करायची हत्यारं खाली, मिस्त्रीच्या पेटीत. खाली कोण जाणार?

ठरलं ते असं. दोघांनीही वर चाकाच्या खोलीतच राहायचं. बोलायचं ते कानात. झडपेवर दोन पिंपं ठेवली आहेत. वायरलेस किनारा जवळ आल्याशिवाय लागत नाही. मुलगा म्हणतो, परत फिरायचं तरी तेवढंच अंतर आणि पुढे जायचं तरी तेवढंच. पुढेच जाऊ.

तो चाकावर उभा राहून पेंगतो आहे. मी त्याचा सदरा मागून धरून ठेवला आहे, लहानपणी धक्क्यावर धरत होतो तसा.

खाली कोणीतरी चौथ्या फळीवर कूस बदलतं. फळी करकरते. तिच्यावर आमच्या सामानाशिवाय काही नाही, असं मी स्वतःला सांगतो.

ता. १५, रविवार

धुकं तसंच. इंजिन अडखळायला लागलं. मुलगा म्हणतो, डिझेलच्या गाळणीत कचरा बसला, ती साफ केली नाही तर बंद पडेल आणि मग आपण इथेच. मिस्त्री असता तर शिट्टी वाजवत केलं असतं.

मी जातो म्हटलं. त्याने मला गाळणी कुठे असते ते विचारलं. मला सांगता आलं नाही.

त्याने दोरी डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधली. कमरेला बांध म्हटलं, तर म्हणाला, इंजिनाच्या दारातून पोटावर सरपटत जायचं असतं, पाय मागे राहतो, तिथेच बरी. दुसरं टोक माझ्या मनगटाला. मी एकदा ओढलं की त्याने एकदा ओढायचं, म्हणजे ठीक आहे. काम झालं की तो आपण होऊन येईल. मी हाक मारायची नाही. काही झालं तरी.

शिडीवर उभा राहून तो कानात म्हणाला, "बाबा, ती आठ दिवसांत मोकळी होईल कदाचित. नाव तुम्ही ठेवा." आणि खाली गेला.

ओढलं. त्याने ओढलं.

ओढलं. त्याने ओढलं.

इंजिन बंद पडलं. झडपेतून काळा धूर येतो आहे. ओढलं. बराच वेळ काही नाही. मग एकदा.

इंजिन सुरू झालं! चांगलं चालतं आहे, एकसुरात. माझा पोरगा हुशार आहे. आता येईल.

रविवार, नंतर

आला नाही.

खालून बोलतो आहे. खोकत बोलतो आहे. म्हणतो, बाबा, धुराने काही दिसत नाही, शिडी सापडत नाही. एक हाक मारा, आवाजाच्या रोखाने येतो.

त्याचाच आवाज आहे.

मिस्त्रीचाही मिस्त्रीचाच होता.

मी तोंडात पंचाचा बोळा कोंबला आहे. हाक मारली तर ते वर येईल. नाही मारली तर माझा पोरगा धुरात गुदमरेल. जन्मभर परक्या माणसांना हाका मारून वर घेतलं, आणि पोटच्या पोराला —

दोरी ओढली की लगेच उत्तर येतं. दर वेळी एकदाच. दर वेळी सारख्याच जोराने. माणूस खोकताना असं ओढू शकत नाही.

"बाबा. बाबा, हाक मारा ना."

रविवार, अजून उजेड आहे

बाई म्हणाली होती, खाली उतरून पायाला हात लावायचा. ती वाट उघडी आहे. मी चाक पंचाने खुंटीला बांधलं आणि उतरलो.

डोळे उघडता येईनात. मनगटावरच्या दोरीच्या आधाराने सरकलो. ती इंजिनाच्या दाराकडे जायला हवी होती. ती वळली. चौथ्या फळीकडे वळली. फळीवर पाय होता, अंगठ्याला दोरी. मी हात लावला. थंडगार, बुळबुळीत. मला वाटलं पोर गार पडलं. मी पाऊल छातीशी धरलं आणि पुसलं, चोळलं. डावं पाऊल. मग बोटं लागली हाताला. अंगठा, दुसरं, तिसरं, चौथं.

आणि करंगळी.

वर कसा आलो माहीत नाही. दोरी दातांनी तोडली. झडप लावली, पिंपं वर ओढली, वर मी बसलो आहे.

इंजिनाच्या दारापर्यंत मी गेलो नाही. तो तिथे असेल. तो तिथेच असेल आणि मी —

सोमवार, बहुतेक

चाक मी धरत नाही. काटा लाल खुणेवर आहे. पंचा कधीच सुटून पडला.

खालून बोलणं चालू आहे. कधी मुलगा. कधी मिस्त्री. एक जण मला माहीत नाही, तो फक्त आलो म्हणतो. हाक नसताना म्हणतो. सवय करतो आहे.

आज पहिल्यांदा एक वेगळा ठोका. बुटक्या दाराच्या बाजूने, हलका. एकदाच. मी ऐकला. की मला ऐकायचा होता —

उठावं का? पिंपं काढावी का?

त्या आलो म्हणणाऱ्याने शिडीवर पाय ठेवला आहे. करकर ऐकू येते. वाट बघतो आहे. बोलावल्याशिवाय येत नाही. एवढा एकच नियम त्याला आहे. तोवर घर येऊ दे. उजेडात चार माणसं घेऊन खाली उतरेन, पोराच्या पायाला हात लावेन. कोणी बोलायचं नाही. कोणी —

मंगळवार

धुकं विरलं. आपली खाडी. आपला धक्का.

वायरलेसवर एकदा शब्द फुटला, मी फाटक्या घशाने एवढंच कुजबुजलो, कोणी हाक मारू नका. तिकडून नुसती खरखर. ऐकलं की नाही —

बोट आपोआप हळू झाली. वळण बरोबर घेतलं.

माणसं जमली आहेत. सगळ्यांत पुढे सूनबाई, एक हात पोटावर. मी काचेतून दोन्ही हातांनी नको नको केलं. तिला वाटलं मी आनंदाने हात हलवतो. तीही हलवते आहे. हसते आहे.

ओरडून सांगावं तर घशातून नुसता वारा. शुक्रवारी सगळा आवाज संपवला —

पिंपं हलायला लागली. माझ्यासकट.

सूनबाई बोटीवरची माणसं मोजते आहे. मी एकटाच दिसतो. नवऱ्याला शोधते आहे. नको पोरी. गप्प रहा. आजच्या दिवस गप्प —

तिने तोंडाशी दोन्ही हात धरले. मी शिकवले तसेच, बरोब